घरातल्या सलीम-जावेदना काय सांगाल?

रात्रीची जेवणे आटोपली आहेत. कॉलेजात जाणारा भाचा शेजारी येऊन बसतो, थोडा घुटमळतो आणि म्हणतो, "मामा, पाच मिनिटं आहेत? एका ॲक्शन पिक्चरची गोष्ट सुचलीय. ऐकवू?" तुम्ही "हं, सांग" म्हणता. तो हातवारे करीत, मधूनच तोंडाने गोळ्यांचे आवाज काढीत सांगतो. पाच मिनिटांनी गप्प होतो आणि तुमच्या तोंडाकडे पाहू लागतो.

आता काय बोलाल?

पूर्वी असा प्रश्न फारशा घरांत उद्भवत नसे. सिनेमात जायचे म्हणजे घरातून पळून दादर गाठायचे, अशीच समजूत होती. आज मोबाइलमध्ये कॅमेरा आहे, ओटीटीवर रोज नवी मालिका येते आहे. त्यामुळे इंदूर, बडोदा, नागपूर, बेळगाव कुठेही एखादा मुलगा किंवा मुलगी वहीत पटकथा लिहीत बसलेली आढळते. निर्मात्याच्या दारात पोहोचण्याआधी या गोष्टींचे पहिले श्रोते घरचेच असतात: आई, मामा, काकू, शेजारचा मित्र. बहुतेक वेळा हा पहिला श्रोता दोनपैकी एक वाक्य बोलतो. "छान आहे रे!" किंवा "आधी परीक्षेचं बघ." दोन्ही वाक्यांचा गोष्टीला उपयोग शून्य. पहिल्याने मुलगा खूश होतो आणि गोष्ट आहे तिथेच राहते. दुसऱ्याने तो पुन्हा कधी आपल्याकडे येत नाही.

सिनेमाच्या धंद्यात अशा थोडक्यात ऐकवलेल्या गोष्टीला 'पिच' म्हणतात. सगळे प्रसंग सांगत दोन-दोन तास चालते ते 'नॅरेशन'. पिच म्हणजे पाच-दहा वाक्ये, त्यांत सिनेमाचा सारा जीव आला पाहिजे. आणि गंमत अशी, की एवढ्याशा गोष्टीला मिळालेली एखादी बारीकशी सूचना पुढे कोट्यवधींचा सिनेमा उभा करते, तर एखादे बेपर्वा वाक्य तो जागच्या जागी संपवते.

वीस की पन्नास?

'स्पीड' (१९९४) हा इंग्रजी सिनेमा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. लॉस एंजेलिसमधल्या एका सिटी बसमध्ये बॉम्ब आहे. बसचा वेग ताशी ५० मैलांवर, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरवर गेला की बॉम्ब सज्ज होतो. पुन्हा त्याखाली आला की स्फोट. संपली गोष्ट. यापेक्षा सुटसुटीत पिच क्वचितच सापडेल.

तिचा जन्म झाला तोही घरातच. लेखक ग्रॅहम योस्ट याचे वडील एल्वी योस्ट कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर जुन्या सिनेमांचा कार्यक्रम सादर करीत. त्यांनी मुलाला 'रनअवे ट्रेन' (१९८५) या सिनेमाबद्दल सांगितले. मूळ कल्पना जपानचे थोर दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांची. पण वडिलांच्या सांगण्यात एक गफलत होती. त्या सिनेमातली आगगाडी थांबत नाही ती चालक हृदयविकाराने कोसळतो म्हणून. वडिलांची समजूत मात्र अशी, की गाडीत बॉम्ब आहे! मुलाने पुढे सिनेमा पाहिला तेव्हा त्यात बॉम्ब नव्हताच. त्याला वाटले, असता तर बरे झाले असते. आणि आगगाडीऐवजी बस असती तर आणखी बरे.

योस्टच्या पहिल्या कल्पनेत बसचा किमान वेग होता ताशी २० मैल, म्हणजे जेमतेम ३२ किलोमीटर. एका मित्राने ऐकले आणि सुचवले, वीस नको, पन्नास कर.

या सूचनेकडे नीट पाहण्यासारखे आहे. मित्राने बस बदलली नाही, बॉम्ब बदलला नाही, नायकाला जुळा भाऊ दिला नाही. फक्त एक आकडा बदलला. पण वीसच्या वेगाने शहरातून बस चालवणे जमण्यासारखे आहे. पन्नासच्या वेगाने प्रत्येक सिग्नल, प्रत्येक वळण आणि रस्ता ओलांडणारी प्रत्येक बाबागाडी संकट होते. मित्राने गोष्टीतले यंत्र ओळखले आणि त्याचाच स्क्रू घट्ट पिळला. (हीच गोष्ट कुणी मुंबईच्या बेस्ट बसबद्दल सांगितली, तर ताशी ८० ही अट ऐकून दादरचा माणूस हसेल. वेग तिथवर जाणारच नाही, मग बॉम्ब सज्ज होणार कधी? हीसुद्धा एक उपयुक्त प्रतिक्रियाच झाली.)

आता दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया पाहा. पॅरामाउंट या बड्या स्टुडिओला आधी या कल्पनेत रस होता, पण शेवटी त्यांनी हात काढून घेतला. दोन तास बसमध्ये घडणारा सिनेमा लोक कशाला पाहतील, हा त्यांचा आक्षेप. पुढे ही गोष्ट ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे गेली. शंका त्यांनाही होतीच. पण त्यांनी ती अट म्हणून मांडली: बसखेरीज आणखी काही थरारक प्रसंग हवेत. मग सिनेमाच्या सुरुवातीला अडकलेली लिफ्ट आली आणि शेवटी भुयारी रेल्वे. म्हणजे शंका एकच, पण एका घरात तिचा नकार झाला आणि दुसऱ्या घरात तिच्यातून सिनेमाची सुरुवात आणि शेवट मिळाला. ध्वनीच्या कामासाठी 'स्पीड'ला दोन ऑस्कर मिळाले.

चार ओळींचा शोले

आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अर्थातच सलीम-जावेद यांचे. सलीम खान मूळचे इंदूरचे आणि जावेद अख्तर यांचा जन्म ग्वाल्हेरचा. एक होळकरांचे गाव, दुसरे शिंद्यांचे. मराठी माणसाला एवढा अभिमान बाळगायला हरकत नसावी!

१९७३ साली हे दोघे चार ओळींची एक कल्पना निर्माते-दिग्दर्शकांना ऐकवत होते. सैन्यातल्या एका अधिकाऱ्याच्या कुटुंबाची हत्या होते आणि सूड घेण्यासाठी तो दोन माजी सैनिकांना हाताशी धरतो, एवढीच. मनमोहन देसाई आणि प्रकाश मेहरा यांच्याकडून ती परत आली. जी. पी. सिप्पी आणि त्यांचे चिरंजीव रमेश सिप्पी यांना मात्र ती भावली.

त्या चार ओळींत असणार तरी काय? बसंतीचा टांगा, पाण्याची टाकी, नाणेफेक, संध्याकाळी कंदील मालवणारी ती मूक विधवा सून, हे सगळे पसरायला पाने लागतात. ऐकणाऱ्याला नुसता सांगाडा दिसत होता. पण सांगाड्यात पेच होता: ज्याचे सर्वस्व गेले आहे असा माणूस आपला सूड भाड्याने घेतलेल्या दोन परक्यांच्या हाती सोपवतो. का सोपवतो? तो स्वतः का जात नाही? हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उमटला, की गोष्टीने त्याला पकडलेच. त्याचे उत्तर सिनेमात त्या शालीखाली दडवून ठेवले आहे, हे सांगायला नको.

मग आली व्यवहाराची अडचण. सैन्याची दृश्ये चित्रित करायला परवानग्या मिळवणे अवघड जाईल, असे सिप्पींना वाटले. म्हणून सैन्याधिकाऱ्याचा झाला पोलीस अधिकारी. वरकरणी ही कारकुनी दुरुस्ती. पण माझ्या मते 'शोले'ला तिने मोठाच हात दिला. नायक पोलीस झाल्यामुळे त्याने हाताशी धरलेले दोघे भुरटे चोर होऊ शकले, ज्यांना त्याने एकदा स्वतःच पकडले होते आणि ज्यांनी चालत्या मालगाडीत त्याचा जीव वाचवला होता. शिस्तीचे सैनिक असते तर जय-वीरूचा तो उनाडपणा आणि पैशासाठी आलेल्यांचे हळूहळू माणसासाठी थांबणे, हे कुठून आले असते?

'पैसे फार लागतील' किंवा 'परवानगी मिळणार नाही' हे आक्षेप नवशिक्याला नेहमी रुक्ष वाटतात. ते जरूर सांगावेत. मात्र 'म्हणून हे होणार नाही' असे सांगण्यापेक्षा 'मग दुसरं कोण असू शकेल?' असे विचारावे.

गोळीबाराच्या मागे काय आहे?

ॲक्शनची गोष्ट सांगणारे बहुतेक तरुण स्फोट सांगतात. दहा मिनिटांत चार स्फोट, दोन हेलिकॉप्टर आणि एक खलनायक ज्याचा डोळा फुटलेला आहे. ऐकणाऱ्याची यात दमछाक होते, कारण मारामारी शब्दांत सांगून रंगत नाही. ती पडद्यावर, छायाचित्रण आणि स्टंटवाल्यांच्या जिवावर रंगते. शब्दांत रंगतो तो पेच. म्हणून ऐकताना स्फोट मोजू नका. या माणसाला काय हवे आहे, आणि ते मिळाले नाही तर त्याचे काय जाणार आहे, एवढेच शोधत राहा.

'डाय हार्ड' (१९८८) हा उंच इमारतीत एकट्या पोलिसाने गुंडांशी दिलेल्या झुंजीचा सिनेमा. तो रॉडरिक थॉर्प यांच्या १९७९ सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरीतला नायक निवृत्त आहे आणि मुलीला भेटायला आलेला आहे. पटकथाकार जेब स्टुअर्ट याला या गोष्टीचा सूर सापडत नव्हता. एकदा बायकोशी भांडण करून तो घरातून निघाला आणि गाडी चालवत असताना रस्त्यात पडलेले फ्रिजचे भलेमोठे खोके समोर आले. गाडी त्यावर आदळली. नशिबाने खोके रिकामे होते. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून धडधडत्या छातीने बसला असताना त्याला उमगले, की ही गोष्ट इमारतीची नाही, दहशतवाद्यांचीही नाही. बायकोची क्षमा मागायला हवी होती, ती वेळेवर न मागितलेल्या आणि त्यानंतर भयंकर संकटात सापडलेल्या नवऱ्याची ही गोष्ट आहे. त्याने नायक तरुण केला आणि मुलीच्या जागी दुरावलेली बायको आणली.

मग दिग्दर्शक जॉन मॅक्टिएर्नन आले. दहशतवाद्यांच्या गोष्टीत त्यांना आनंद वाटेना. म्हणून खलनायक दहशतवाद्यांचे सोंग घेतलेले दरोडेखोर झाले. तीन दिवसांची गोष्ट एका रात्रीत आली. पुन्हा तेच: इमारत तीच, एकटा पोलीस तोच. आवळले ते फक्त आतले दोर.

गोष्ट ऐकताना 'त्याच्या घरी काय चाललंय?' हा प्रश्न विचारायला सिनेमातले ज्ञान लागत नाही. घर चालवणाऱ्या कुणालाही तो विचारता येतो.

इंदूरहून आलेला फोन

माझ्या एका जुन्या मित्राचा मुलगा इंदूरला शिकतो. त्याने मध्यंतरी फोनवर गोष्ट ऐकवली. स्पीकर चालू होता आणि शेजारी सौ. भाजी निवडत बसली होती.

"काका, हीरो एक्स-कमांडो असतो. आता ॲम्ब्युलन्स चालवतो. त्याच्या भावाला एका गँगस्टरने मारलेलं असतं. मग तो त्या गँगमधल्या एकेकाला शोधून संपवतो. इंटरव्हलला गोदामात मोठा स्फोट. क्लायमॅक्स हेलिकॉप्टरवर."

असे शंभर सिनेमे होऊन गेले आहेत, हे माझ्या ओठांवर आले होते. पण त्या चार वाक्यांत एक शब्द वेगळा होता. मी विचारले, "ॲम्ब्युलन्सच का रे? टॅक्सी का नाही?"

त्याचा आवाजच बदलला. "काका, आमच्याकडे ग्रीन कॉरिडॉर होतात ना, अवयवदानाचे. मी एकदा रस्त्याच्या कडेला उभा होतो. पोलिसांनी सगळं ट्रॅफिक थांबवलं. कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतं. आणि ती गाडी आली नि काही सेकंदांत गेली. अंगावर काटा आला."

स्फोट सांगताना तो पाठ केलेले बोलत होता. हे सांगताना त्याला शब्द शोधावे लागत होते. गोष्ट कुठे आहे ते मला तिथेच समजले. मी तेवढेच त्याला सांगितले, की तुझ्या गोष्टीत मला आत्तापर्यंत फक्त ही गाडी दिसली.

इतका वेळ गप्प असलेल्या सौ.ने तेव्हा तोंड उघडले. "आत काय असतं रे?"

"कधी हृदय, कधी यकृत, कधी किडनी, काकू. हृदय असेल तर वेळ फार कमी. साधारण चार तास."

"आणि ते कुणाला बसणार, हे गाडी चालवणाऱ्याला ठाऊक असतं का?"

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "काकू, मी नंतर फोन करतो."

आठ दिवसांनी फोन आला. आता गोष्ट अशी होती: रुग्णवाहिकेचा चालक हृदयाची पेटी घेऊन इंदूरहून भोपाळला निघाला आहे. अंतर सुमारे १९० किलोमीटर, हातात चार तासही नाहीत. वाटेत त्याला कळते, की हे हृदय ज्याला बसणार आहे तो त्याच्या भावाचा खुनी आहे. कमांडो गेला, गोदाम गेले. हेलिकॉप्टर काढून टाक असे आम्ही म्हटलेच नव्हते; चार तासांचा काटा सुरू झाल्यावर त्याला जागाच उरली नाही.

पण इथे खरा खोडा होता आणि तो दाखवणे भाग होते. दाता कोण, अवयव कुणाला मिळणार, ही माहिती रुग्णालये गुप्त ठेवतात. अवयव प्रत्यारोपणाचा आपल्याकडचा कायदाही १९९४ पासून आहे. मग चालकाला हे कळले कसे? मी एवढाच प्रश्न विचारला, उत्तर सुचवायचा मोह आवरला. मोह होताच! अशा वेळी आपल्यालाही आतून लेखक फुटू पाहतो, आणि पाहता पाहता मुलाच्या गोष्टीची आपली गोष्ट होते.

त्याने स्वतःच तोड काढली. खुन्याच्या शत्रूंची टोळी रुग्णालयावर पाळत ठेवून आहे. तेच चालकाला फोन करतात. म्हणतात, तुझ्या गाडीतली पेटी कुणाच्या छातीत जाणार आहे, माहीत आहे? तुला कुणाला मारायचे नाही. फक्त गाडी थोडा वेळ बाजूला उभी कर.

हे ऐकून सौ.च्या हातातली भाजी तशीच राहिली, हे मी पाहिले. मारधाडपटाच्या नायकासमोर मोह कोणता, तर काहीच न करण्याचा! आणि तो थांबला नाही, की टोळी त्याला थांबवायला येणार. म्हणजे पाठलाग आणि मारामारी आपोआप आलीच, आणि ती आता पोकळ राहिली नाही.

"मग तो थांबत का नाही?" सौ.ने विचारले.

पोरगा म्हणाला, निघताना दात्याची आई त्या पेटीवर हात ठेवते, असे काहीतरी डोक्यात आहे. पण एवढ्याने माणूस भावाचा खुनी वाचवेल का, ते त्याला अजून पटलेले नाही. मलाही पटलेले नाही. तो त्यावर बसला आहे.

'हे तर आधीच झालंय!'

ऐकणाऱ्यांचे हे सर्वांत आवडते वाक्य. ते खरे असते, पण अर्धेच. वेग कमी झाला की फुटणारा बॉम्ब घ्या. १९७५ साली जपानी सिनेमात तो बुलेट ट्रेनमध्ये ठेवून झाला होता, आणि तिथली मर्यादाही ताशी ८० किलोमीटरचीच होती. आपल्याकडे 'द बर्निंग ट्रेन' (१९८०) मध्ये ब्रेक निकामी झालेली गाडी धावली. तरी 'स्पीड' पाहताना कुणाला शिळे खाल्ल्यासारखे वाटले नाही.

मराठीतले उदाहरण तर घराघरांत माहीत आहे. मेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) ची. महेश कोठारे यांनी 'झपाटलेला' (१९९३) करताना तिला बोलक्या बाहुल्यांच्या आपल्या दुनियेत आणले. रामदास पाध्ये यांनी बाहुला घडवला, दिलीप प्रभावळकर यांनी तात्या विंचू उभा केला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्याला घाबरून महाराष्ट्राला हसवले. उसनवारी उघड आहे, पण तात्या विंचू आता आपला आहे आणि तो परत मागायला कुणी येणार नाही. तेव्हा 'आधी झालंय' म्हणण्याऐवजी 'यात तुझ्या गावचं काय आहे?' असे विचारलेले बरे. इंदूरच्या मुलाकडे त्याचे उत्तर होते, फक्त ते त्याने हेलिकॉप्टरखाली दडवले होते.

दुसरी खोड म्हणजे विज्ञानाच्या चुका काढणे. 'स्पीड'मध्ये अर्धवट बांधलेल्या पुलाला ५० फुटांचे खिंडार आहे आणि भरलेली बस त्यावरून उडी मारते. अशी बस खाली कोसळेल, हे आठवीतला मुलगाही सांगेल. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पदार्थविज्ञान लोक माफ करतात. माणूस माणसासारखा वागला नाही, तर मात्र करीत नाहीत. आई मुलाला जळत्या घरात सोडून खलनायकाशी वाद घालत बसली, की थिएटरात खाकरण्याचे आवाज सुरू होतात. टोकायचेच असेल तर अशा जागी टोका.

आणि काही गोष्टींत खरोखर काही नसते. नायक नाही, पेच नाही, नुसती पाहिलेल्या सिनेमांची भेळ. तेव्हा खोटे कौतुक करू नये. "कुठे माझं लक्ष सुटलं ते सांगतो," एवढे म्हणून ती जागा दाखवावी. एक साधी युक्ती आहे. ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या शब्दांत त्यालाच परत सांगायची. जे रात्रीतून विसरले गेले ते कच्चे होते, जे आठवले ते पक्के. ही परीक्षा मुलांना बोलून दाखवलेल्या मतापेक्षा जास्त पटते, कारण यात मत नसतेच.

गोष्ट चोरीला जाते का?

ही भीती प्रत्येक नवलेखकाला असते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. नुसत्या कल्पनेवर कायद्याने मालकी सांगता येत नाही. आर. जी. आनंद यांच्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' (१९५६) हा चित्रपट घेतला, असा दावा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९७८ साली निकाल लागला आणि तो आनंद यांच्या विरुद्ध गेला. कल्पना किंवा विषय यांवर कॉपीराइट नसतो. ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर असतो, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून चार ओळी चारचौघांत ऐकवत फिरण्याआधी गोष्ट सविस्तर लिहून काढावी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन लिखाणाची नोंदणी करता येते. पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन ती हीच.

ऐकणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे. भाच्याची गोष्ट दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या डब्यावर सर्वांना सांगू नये. कौतुकापोटीसुद्धा नाही.

जाणत्यांचे अंदाज

सल्ला देताना आवाज फार चढवू नये, याला कारण आहे. अंदाज चुकण्यात मोठमोठे जाणकार आघाडीवर असतात. गब्बरसाठी अमजद खान यांचा आवाज पुरेसा दमदार नाही, असे जावेद अख्तर यांना वाटले होते. अमजद यांना त्या भूमिकेतून वगळण्यापर्यंत गोष्ट गेली होती. पुढे 'शोले'च्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या मंडपात, पानाच्या ठेल्यावर लोक गाण्यांऐवजी तोच आवाज ऐकू लागले.

'शोले' शुक्रवारी, १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. पहिल्या दिवसांत थिएटरात थंडपणा होता, धंद्यातली मंडळी माना हलवत होती आणि समीक्षकही फारसे राजी नव्हते. घाबरलेल्या मंडळींनी अमिताभ बच्चन यांच्या घरी बसून खल केला. जय मरतो हे लोकांना रुचत नसावे. शेवट नव्याने चित्रित करून त्याला जिवंत ठेवावा का, असा विचार पुढे आला. शेवटी असे ठरले, की घाई नको, सोमवारपर्यंत वाट पाहू. शेवट बदलला नाही. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पुढे पाच वर्षे जय रोज मरत राहिला आणि लोक तिकिटे काढून त्याला पाहायला येत राहिले.